ऑनलाइन विद्यापीठातली नोकरी : मी शिक्षिका की कॉल सेंटरवाली?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. वय चौतीस, अर्थशास्त्रात एम.ए., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-तीन कॉलेजांत शिकवलं. गेली दोन वर्षं एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन विभागात 'कोर्स मेंटर' आहेत. काम घरून, पगार ३४ हजार. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी लाइव्ह तास, विद्यार्थ्यांनी ऑनलाइन नोंदवलेल्या तक्रारींना, म्हणजे 'तिकिटांना', चोवीस तासांत उत्तर, असाइनमेंट तपासणं, आणि गेल्या सहा महिन्यांपासून फी थकलेल्या विद्यार्थ्यांना फोन. त्यांच्या नावावर अकराशे विद्यार्थी आहेत. लाइव्ह तासाला पंचवीस-तीस येतात, सगळ्यांचे कॅमेरे बंद. त्यांचे कोल्हापूरचे जुने सर एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "म्हणजे तू कॉल सेंटरला लागलीस म्हणायचं." घरात सासूबाई म्हणतात, "ती काय, घरीच असते." आता वीस किलोमीटरवरच्या एका सीनियर कॉलेजात सीएचबीची जागा निघाली आहे. महिन्याला सरासरी चौदा-पंधरा हजार, तेही वर्षातले आठ-नऊ महिने. त्यांचा प्रश्न : "पगार कमी झाला तरी चालेल, पण पुन्हा खऱ्या वर्गात जाऊ का? मी शिकवायचंच विसरले असं वाटतं."

नमस्कार,

तुमच्या सरांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण अख्ख्या पत्रात तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, फक्त कुठलं अर्धं ते त्यांना ठाऊक नाही. फळा नाही, हजेरीपट नाही, मुलं समोर नाहीत, म्हणजे हे शिकवणं नव्हे असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही चार तास फीच्या वसुलीचे फोन केलेत, त्या दिवशी ते चार तास तुम्ही कॉल सेंटरमध्येच होतात. ते कुणी तुमच्यावर टाकलं आणि तुम्ही का घेतलं, हा प्रश्न तुम्ही पत्रात कुठेच विचारलेला नाही. "खरा वर्ग की खोटा वर्ग" यातच पत्र संपलंय.

तुम्ही शिकवायचं विसरला आहात, हे मला पटत नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, तोही कंसात टाकलेला. तुमचा एक विद्यार्थी एसटीत कंडक्टर आहे. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही त्याला सूत्र पुन्हा सांगितलं नाहीत. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा तुझ्या गाडीत काय बदललं, एवढंच विचारलंत. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं : पहाटेच्या गाडीत फारसा फरक नाही, कारण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका पूर्ण तिकीट होतं तेव्हाही येतच होत्या, गर्दी वाढली ती दुपारच्या गाडीला, बाजाराला, माहेरी, देवाला जाणाऱ्यांची. म्हणजे एकाच मार्गावर, एकाच सवलतीत, गरजेचा प्रवास लवचिक नाही आणि हौसेचा आहे. सगळं प्रकरण त्याने स्वतःच्या तिकीट मशीनवरून मांडलं! हे काम तुम्ही केलंत. टी.वाय.च्या वर्गात असा कंडक्टर तुम्हाला भेटला नसता, कारण सकाळी अकराच्या तासाला तो ड्यूटीवर असतो.

तुमच्या मनातल्या 'खऱ्या वर्गा'कडेही एकदा नीट बघा. तुम्हीच लिहिलंय की शेवटच्या वर्षी सीएचबीवर होतात तेव्हा पटावर ऐंशी मुलं होती आणि दिवाळीनंतर बाकांवर बारा. अकराशेतले तीस हा आकडा बोचतो, ऐंशीतले बारा मात्र आठवणीत गोड झालेत. दोन्हीकडे न येणारे जास्तच आहेत. फरक इतकाच की ऑनलाइनवर त्यांची गैरहजेरी डॅशबोर्डवर लाल अक्षरांत दिसते आणि सोमवारी तुमचा वरिष्ठ त्यावर मीटिंग घेतो.

लांबून शिकवणं आपल्याकडे आज आलेलं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत त्यांनी घरी बसून वाचायची पुस्तकं तयार करून घेतली आणि गावोगावच्या कॉलेजांत रविवारची संपर्क सत्रं लावली. तिथे शिकवणाऱ्यांना समंत्रक म्हणतात. त्याही आधी, १९६९ मध्ये, ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९७१ पासून तिथे शिकवणं सुरू झालं. टीव्हीवरच्या रात्री-अपरात्रीच्या व्याख्यानांसाठी ती ओळखली गेली, पण तिचा कणा होता ट्यूटरने तपासून, समासात सविस्तर शेरे लिहून परत पाठवलेला गृहपाठ. आता गंमत बघा. त्या विद्यापीठातल्या हजारो ट्यूटर मंडळींनाही कायमस्वरूपी करार मिळायला २०२२ साल उजाडलं. तोवर त्यांची नेमणूक एकेका अभ्यासक्रमापुरती असे. म्हणजे लांबून शिकवणाऱ्याला दुय्यम समजण्याची खोड केवळ तुमच्या सरांची नाही.

आता ज्या गोष्टीवर मी अडखळले तिकडे येते. तुम्ही ओझरतं लिहिलंय, "पगाराच्या स्लिपवर विद्यापीठाचं नाव नसतं, एका सर्व्हिस कंपनीचं असतं." बाई, या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. ऑनलाइन पदवी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीखाली चालते. ती फ्रँचायझीने, म्हणजे दुसऱ्याच संस्थेकडे सोपवून, चालवायला मनाई आहे. प्रवेश, शिकवणं, मूल्यमापन, पदवी या सगळ्यांचा जबाब विद्यापीठानेच द्यायचा असतो. तंत्रज्ञान, सर्व्हर, मार्केटिंग बाहेरच्या कंपनीकडून घेतलं जातं, ते समजण्यासारखं आहे. पण विद्यार्थ्यांच्या असाइनमेंटला गुण देणारी व्यक्ती नेमकी कुणाची कर्मचारी, हे धूसर असेल तर उद्या अडचण तुमची होणार. तुमचं नियुक्तिपत्र काढा. त्यावर पदनाम काय आहे? 'कोर्स मेंटर' की 'लर्नर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह'? सही कुलसचिवांची की कंपनीच्या एचआरची? दुसऱ्या प्रकारचा कागद निघाला, तर तुमच्या सरांच्या टोमण्याला कागदोपत्री आधार आहे असं नाइलाजाने म्हणावं लागेल, आणि पहिलं भांडण त्या कागदाशी करावं लागेल.

त्याच नियमावलीत कोर्स मेंटरसाठी प्रमाण आहे : अडीचशे विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक. तुमच्याकडे अकराशे. म्हणजे चौघींपेक्षा जास्त जणींचं काम एकटीच्या गळ्यात. तुम्हाला येणारा थकवा, रात्री साडेअकराला वाजणारा फोन, एकाच 'सर्वांना शुभेच्छा' छाप उत्तराने सत्तर तिकिटं बंद करणं आणि मग स्वतःचीच लाज वाटणं, यातलं बरंच या आकड्यातून आलंय. अकराशे विद्यार्थी एखाद्या कॉलेजच्या वर्गात कोंबून शिकवायला सांगितलं असतं तर तिथेही तुम्हाला आपण शिक्षिका नाही असंच वाटलं असतं.

तुम्हाला वाटतं, सीएचबीवर गेलं की निदान अनुभव तरी 'धरला' जाईल. इथे पुष्कळ जण फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा पुढच्या नेमणुकीला वा पदोन्नतीला धरायच्या अटी आहेत. पदाची शैक्षणिक पात्रता हवी, निवड रीतसर निवड समितीतून झालेली हवी, आणि एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. या चाळणीतून तुमचे ३४ हजारही गळतात आणि सीएचबीचे पंधरा हजारही. तेव्हा निव्वळ अनुभवाच्या दाखल्यासाठी जात असाल, तर जाऊ नका. सहायक प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करायला लागते ती पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, आणि तुमची सेट काही कुठे पळून जात नाही. तिला मुदत नसते.

पैशाचा हिशेब मांडायला तुम्हाला संकोच वाटलेला दिसतोय. मी मांडते. आज वर्षाला चार लाख आठ हजार. तिकडे पंधरा हजार धरले आणि नऊ महिने धरले, तर एक लाख पस्तीस हजार. त्यातून रोजचं चाळीस किलोमीटरचं जाणं-येणं वजा करा. शिवाय सीएचबीचं मानधन हातात कधी पडतं हे तुम्ही स्वतः भोगलेलं आहे, मी काय सांगणार. "पगार कमी झाला तरी चालेल" हे वाक्य एकट्याने लिहायचं नसतं. नवऱ्याशी बोलून, मुलीच्या फीचा कागद समोर ठेवून मगच लिहायचं.

माझं मत सरळ सांगते : आत्ता लगेच सोडू नका, पण आहे तसंही चालवू नका. पुढचे पंधरा दिवस एका वहीत रोजचे तास लिहा. किती वेळ शिकवण्यात आणि तयारीत गेला, किती तपासण्यात, किती तिकिटांत, किती फीच्या फोनवर. "फार काम असतं" या तक्रारीला वरिष्ठ मान हलवतात आणि विसरतात. "आठवड्यातले सतरा तास मी अर्थशास्त्राशी संबंध नसलेलं काम करते" असं ईमेलमध्ये आकड्यांसकट लिहिलंत, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. मग तीन मागण्या करा आणि तिन्ही लेखी करा. फीचे फोन काढून घ्या. तुकड्या वाटून द्या. अडीचशेवर आणणं जमत नसेल तर निदान पाचशेवर आणा, आणि नियमाचा उल्लेख करायला लाजू नका. पदनाम आणि कामाचं वर्णन विद्यापीठाच्या पत्रावर द्या. पहिली बहुधा मान्य होईल, दुसरी अर्धवट होईल. तिसरीवर टाळाटाळ झाली तर ती नोकरी किती दिवसांची ते तुम्हाला कळेल.

मागायची वेळही साधा. ऑनलाइन अभ्यासक्रमांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलैच्या आसपास. म्हणूनच तुम्हाला कॉलेजसारखी मे महिन्याची सुट्टी मिळत नाही. एक तुकडी परीक्षेला बसते तोच दुसरी दारात उभी असते. प्रवेश तोंडावर आले की मेंटर सोडून गेलेला विद्यापीठाला परवडत नाही. तेव्हा बोला.

फीच्या फोनांपेक्षाही मला जास्त खटकलं ते दुसरंच. प्रवेश घेताना 'काउन्सेलर' म्हणवणारा विक्रीचा माणूस विद्यार्थ्याला सांगतो की परीक्षा सोपी असते, नोकरी लावून देतो. आणि सहा महिन्यांनी तो विद्यार्थी जाब विचारायला तुमच्याकडे येतो. ते आश्वासन तुमचं नव्हतं, म्हणून तुम्ही ते सांभाळून घेऊही नका. त्याला खरं तेच सांगा. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. नोकरीची हमी मात्र कुठलीच पदवी देत नाही, आणि प्रॉक्टरिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून नजर ठेवलेल्या, परीक्षेत कॅमेऱ्यासमोरून उठलं तर पेपर अडकतो. असे चार विद्यार्थी आले की त्यांची नावं न लिहिता तक्रारी तेवढ्या प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला लेखी कळवा. तुम्ही गप्प बसलात तर विद्यार्थ्याच्या लेखी तुम्ही आणि तो विक्रेता एकच.

बंद कॅमेऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. रात्री आठच्या तासाला तुमचे विद्यार्थी कुठे असतात याचा विचार करा. कुणी दुकानाच्या गल्ल्यावर, कुणी पुण्याहून सुटलेल्या बसमध्ये इअरफोन लावून, कुणी एका खोलीच्या घरात जिथे मागे सासरे झोपलेत. कॅमेरा सुरू करायची सक्ती केलीत तर तीसचे दहा होतील. त्यापेक्षा तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत असा प्रश्न टाका ज्याचं उत्तर चॅटमध्ये एका आकड्यात देता येईल : आज तुमच्याकडे टोमॅटो काय भावाने? वीस गावांचे वीस भाव स्क्रीनवर उतरतात आणि बाजारपेठेच्या धड्याला तिथूनच हात घालता येतो. एका मोठ्या तासाचे दोन तुकडे करून रविवारी बारा-पंधरा जणांचा छोटा गट घेता आला तर बघा. तिथे लोक बोलतात. चर्चामंचावर परीक्षेपर्यंत शुकशुकाट असतो, तो असू दे, त्यात जीव घालवू नका.

जीव घालायचाच तर असाइनमेंटच्या शेऱ्यांत घाला. सगळ्यांना लांबलचक लिहिणं अकराशेत शक्य नाही, पण प्रत्येक फेरीत पन्नास जणांना नीट चार ओळी लिहिता येतात. पुढच्या फेरीत दुसरे पन्नास. अंतर्गत मूल्यमापनाला गुण जास्तीत जास्त तीस टक्के असतात, त्यामुळे विद्यार्थी ते उरकतात, आणि हल्ली उरकायला एआय आहेच. "चलनवाढीची कारणे सांगा" असा प्रश्न दिलात की शंभर उत्तरांत एकच गुळगुळीत परिच्छेद येणार, आणि तो तपासताना तुम्हाला आपण यंत्राचे गुण लावतोय असं वाटणार. प्रश्न बदला. तुमच्या घरचा गेल्या महिन्याचा किराणा आणि वर्षापूर्वीचा किराणा शेजारी मांडा, काय महागलं, काय स्वस्त झालं, त्यातलं तुम्ही काय कमी केलंत ते लिहा. यंत्राला तुमच्या विद्यार्थ्याच्या घरातली साबणाची वडी माहीत नसते. तपासायलाही मजा येते, ते वेगळंच.

घरच्यांविषयी थोडंच लिहिते, कारण तुम्हाला काय करायचं ते माहीत आहे, फक्त धीर होत नाहीये. "घरीच असते" हे सासूबाई वाईट हेतूने म्हणत नसाव्यात. त्यांनी कामाला जाणारी बाई म्हणजे डबा घेऊन बाहेर पडणारी बाई एवढंच पाहिलंय. आठवड्याचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. लाइव्ह तासाच्या दीड तासात दार बंद राहील, कुकर नवरा लावेल. आणि एकदा त्यांना तुमच्या तासाला शेजारी बसवा, कॅमेऱ्याबाहेर. त्या कंडक्टरचा आवाज ऐकला, "मॅडम, एक शंका होती" म्हणताना, की तुमच्या स्पष्टीकरणाची फारशी गरज उरणार नाही.

ज्या वाचकांना अशी नोकरी समोरून येतेय त्यांनी मुलाखतीतच विचारून घ्यावं : पगार कोण देणार, माझ्या नावावर विद्यार्थी किती, प्रवेशाचं किंवा फीचं टार्गेट आहे का, मी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ मी सोडून गेल्यावरही वापरणार का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. हा शेवटचा मुद्दा तुमच्याही करारात बघा. दोन वर्षांत तुम्ही चाळीसेक तास रेकॉर्ड करून दिलेत असं लिहिलंय. ते पुढची पाच वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तुकडीला लावले जाऊ शकतात.

राहता राहिली ती सीएचबीची जागा. मुलाखतीला जा. निवड झाली तर प्राचार्यांना विचारा, फक्त सकाळचे चार-पाच तास घेता येतील का. तुमचे लाइव्ह तास संध्याकाळी असतात. त्याआधी सध्याच्या करारात दुसरीकडे काम करायला बंदी आहे का ते वाचा, आणि असेल तर परवानगी लेखी मागा. आणि जवळच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र असेल तर तिथल्या केंद्र संयोजकांना भेटून या. एखाद-दुसऱ्या रविवारचं समंत्रकाचं काम निघालं तर बाकावर बसलेली माणसंही भेटतील, तीही तुमच्या कंडक्टरच्याच जातकुळीची. लाइव्ह तास त्या दिवशी तेवढा शनिवारवर ढकलून घ्या.